पावसाळ्यांतील कोची

आपल्याकडे प्रवासाचे दोन जुने दंडक आहेत. पावसाळ्यांत घर सोडूं नये हा पहिला, आणि उतारवयांत एकट्यानें बाहेर पडूं नये हा दुसरा. पहिल्याला चातुर्मासाचा आधार आहे. वर्षभर फिरणारा संन्यासीहि या काळांत एके ठिकाणीं मुक्काम करतो. नद्यांना उतार राहत नाहीं, वाटा चिखलानें बुजतात, पायांखालीं असंख्य जीव चिरडले जातात, म्हणून शास्त्रकारांनीं ही व्यवस्था लावून दिली. दुसऱ्या दंडकाला शास्त्राचा आधार नाहीं. त्याच्या मागें घरच्या माणसांची माया उभी असते, आणि म्हणूनच तो मोडणें अधिक कठीण जातें.

गेल्या वर्षीं आषाढ सरत आला असतां हे दोन्ही दंडक मोडून मी सहा दिवस कोची पाहून आलों. माझें वय सहासष्ट. शाळेची नोकरी संपून आठ वर्षें झालीं. मनोदय सांगितला तेव्हां थोरले चिरंजीव म्हणाले, "बाबा, दिवाळीपर्यंत थांबा, आमच्यापैकीं कोणीतरी रजा काढून तुम्हांला नेईल." सूनबाईंनीं गुडघ्यांची आठवण करून दिली. धाकटे बंधु हंसून म्हणाले, "दादा, एवढ्या पावसांत तेथें पाहणार काय? लोकांच्या छत्र्या?" हे तिन्ही आक्षेप प्रेमाचे होते आणि तिन्ही विचार करण्याजोगे होते. आपल्या वाचकांच्या अनेक घरांत हाच संवाद होत असेल, म्हणून त्यांचें उत्तर येथें सविस्तर देत आहें.

चिरंजीवांच्या बोलण्यांतील 'नेईल' हा शब्द माझ्या मनांत राहिला. पस्तीस वर्षें मीं सुटीचा प्रवास जोडीनें केला. कुटुंब निवर्तल्यावर गेल्या तीन वर्षांत मला नेणारे पुष्कळ झाले. जाणारा मात्र मी उरलों नाहीं. नेलेल्या माणसाला गाडींतून हात धरून उतरवितात, चांगली जागा पाहून बसवितात, वेळेवर जेवूं घालतात. त्याची कांहींच गैरसोय होत नाहीं. परंतु वाट विचारणें, थांबणें, पुढें काय पाहावें हें ठरविणें, हीं सारीं कामें त्याच्याकडून काढून घेतलेलीं असतात. आणि तीं गेलीं म्हणजे पाहणेंहि हळूहळू जातें. तें परत येतें कीं नाहीं, हें मला अजमावून पाहावयाचें होतें.

पावसाळाच कां, याचेंहि कारण आहे. नैर्ऋत्येचा मोसमी वारा देशाच्या मुख्य भूमीवर प्रथम केरळांत शिरतो. त्याची नेमाची तारीख १ जून. कोचीला वर्षाकांठीं सुमारें ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे पुण्याच्या जवळजवळ चौपट. ज्या शहराचा जन्मच पावसाच्या पाण्यांतून झाला, तें कोरड्या ऋतूंत पाहणें म्हणजे वारी नसतां पंढरपूर पाहण्यासारखें आहे.

हें अलंकारिक बोलणें नव्हे. प्राचीन काळीं या किनाऱ्याचें मोठें बंदर कोचीच्या उत्तरेस, आजच्या कोडुंगल्लूरच्या बाजूस होतें. रोमन लोक त्याला मुझिरिस म्हणत व तेथून मिरीं भरून नेत. १३४१ सालीं पेरियार नदीला महापूर येऊन तें बंदर गाळानें भरलें आणि दक्षिणेस कोचीजवळ खाडीला समुद्राकडे मोठें तोंड फुटलें, असें परंपरेनें मानलें जातें व अनेक इतिहासकारांनींहि तें स्वीकारलें आहे. एका गांवाचें वैभव पाण्यानें उचललें आणि दुसऱ्याच्या पदरांत टाकलें. पाण्याचा हात नेहमींच असा उदार नसतो. २०१८ च्या ऑगस्टमध्यें केरळांत आलेल्या पुरांत चारशेंहून अधिक माणसें प्राणास मुकलीं, आणि कोचीचा विमानतळ सुमारें दोन आठवडे बंद ठेवावा लागला. तेथील लोक पावसाबद्दल बोलतांना कौतुक आणि धाक दोन्ही एकाच वाक्यांत कां आणतात, तें यावरून कळेल.

मुंबईहून कोंकण रेल्वेनें एर्नाकुळम् गांठण्यास एक दिवसाहून थोडा अधिक वेळ लागतो. पावसाळ्यांत दरडींच्या भयामुळें या मार्गावर गाड्या सावकाश चालवितात व वेळापत्रकहि निराळें असतें. तें पाहूनच बेत करावा. एर्नाकुळम् हें मुख्य भूमीवरील शहर. जुनी कोची खाडीपलीकडे आहे. फोर्ट कोची आणि मट्टांचेरी हे तिचे दोन भाग. मध्यें विलिंग्डन बेट लागतें. त्याचा मोठा भाग मनुष्यनिर्मित आहे. १९२० सालीं आलेल्या रॉबर्ट ब्रिस्टो या अभियंत्याच्या देखरेखीखालीं बंदराच्या तोंडाशीं आडवी आलेली वाळूची पट्टी फोडून खाडी खोल करण्यांत आली, आणि उपसलेल्या गाळाची भर घालून ही जमीन तयार झाली.

खाडी ओलांडण्यास २०२३ पासून विजेवर चालणाऱ्या वॉटर मेट्रोच्या बोटी आहेत, आणि जुन्या सरकारी बोटीहि आहेत. मी जातांना एकीनें व येतांना दुसरीनें येत असें. नवी बोट बंद, थंड व स्वच्छ. जुनीच्या बाजू उघड्या. सर आली कीं उतारू आपल्या बाजूचा ताडपत्रीचा पडदा आपणच सोडतात. पहिल्या दिवशीं मी नुसता पाहत बसलों. तिसऱ्या दिवशीं माझ्या बाजूचा पडदा मीच सोडला, आणि शेजारची शाळकरी मुलगी वह्या उराशीं धरून निमूटपणें आंत सरकली. त्या क्षणीं आपण या गांवांत पाहुणे राहिलों नाहीं असें मला वाटलें.

आतां त्या पावसाविषयीं एक गोष्ट सांगतों. आपला शेतकरी मृग, आर्द्रा, पुनर्वसु अशा नक्षत्रांवर पाऊस मोजतो. केरळांतहि हाच हिशेब आहे. सूर्य एका नक्षत्रांत असण्याच्या तेरा-चौदा दिवसांना तिकडे 'ञाट्टुवेला' म्हणतात. त्यांत तिरुवातिरा, म्हणजे आपली आर्द्रा, सर्वांत मोलाची. ती जूनच्या तिसऱ्या आठवड्याअखेर लागते. या दिवसांत जें लावावें तें रुजतें अशी तेथील समजूत आहे. मिऱ्याच्या वेलाला पावसाळ्याच्या आरंभीं तुरे येतात, आणि त्यांत दाणा धरण्यास पावसाच्या पाण्याचीच मदत होते. पोर्तुगीज लोक मिऱ्याचे वेल आपल्या देशीं नेऊं लागले तेव्हां सामूतिरी राजाच्या दरबारांत मोठी चिंता पसरली; राजा मात्र शांतपणें म्हणाला कीं, ते वेल नेतील, पण आर्द्रेचा पाऊस कसा नेतील? ही दंतकथा आहे, इतिहास नव्हे. परंतु तिच्यामुळें मला कोची पाहण्याची दृष्टि मिळाली. येथें समुद्रावाटे आलेल्या प्रत्येकानें कांहीं आणलें, कांहीं नेलें, आणि कांहीं नेतां येईना म्हणून मागें ठेवलें.

फोर्ट कोचीच्या किनाऱ्यावरील चिनी जाळीं पाहा. सागाचे व बांबूचे लांब वासे जोडून केलेली ती एक प्रचंड तरफ असते. पुढच्या टोकाला झोळीसारखें पसरलेलें जाळें, मागच्या टोकाला दोरांना टांगलेले मोठमोठे धोंडे. एक मनुष्य मुख्य वाशावरून पुढें चालत गेला कीं त्याच्या वजनानें जाळें पाण्यांत उतरतें. थोड्या वेळानें चार-पांच जण मागचे दोर ओढून तें वर घेतात. धोंडे इतके बेतून बांधलेले असतात कीं एवढा मोठा सांगाडा हिंदोळ्याप्रमाणें हलतो. तीं चिनी व्यापाऱ्यांनीं आणलीं कीं मकावहून पोर्तुगीजांनीं, याबद्दल मतें दोन आहेत. आणणारे केव्हांच गेले. नांव आणि युक्ति राहिली. अलीकडे त्यांची संख्या पुष्कळ घटली आहे; तेव्हां ज्यांना पाहावयाचीं असतील त्यांनीं फार दिवस टाळूं नये.

तेथून जवळच संत फ्रान्सिसचें चर्च आहे. पोर्तुगीज १५०० सालीं कोचीला आले. १६६३ त डचांनीं व १७९५ त इंग्रजांनीं शहर घेतलें, आणि प्रत्येकानें हें प्रार्थनामंदिर आपापल्या पंथाचें केलें. वास्को द गामा २४ डिसेंबर १५२४ रोजीं कोचींत वारला. त्याला येथेंच पुरलें होतें. १५३९ मध्यें त्याच्या अस्थि पोर्तुगालला नेण्यांत आल्या. आज कठड्याच्या आंत आहे तो नुसता दगड. बाहेर पावसानें जोर धरल्यामुळें मला तेथें तासभर बसावें लागलें. छताला जुन्या पद्धतीचे, दोरीनें ओढावयाचे कापडी पंखे टांगलेले आहेत. प्रवाशांच्या टोळ्या येत, रिकामी कबर पाहत आणि छत्र्या झटकून निघून जात. मिऱ्यांसाठीं अर्धी पृथ्वी वळसा घालून आलेल्या पुरुषाचें शेवटीं या भूमींत कांहीं उरलें नाहीं, आणि मिरीं अजून जवळच्याच बखारींतून विकलीं जातात, हा विचार त्या तासांत मनांतून हलेना. धांवपळींत सर्व पाहणाऱ्याला तो सुचला नसता. पावसानें मला बसविलें म्हणून सुचला.

मट्टांचेरीचा राजवाडा पोर्तुगीजांनीं १५५५ च्या सुमारास बांधून कोचीच्या राजाला दिला. पुढें डचांनीं त्याची दुरुस्ती केली, म्हणून लोक त्याला डच राजवाडा म्हणतात. बाहेरून तो अगदीं साधा आहे. आंत राजाच्या शयनगृहाच्या भिंतींवर रामायण चितारलें आहे. तांबडा, पिंवळा, हिरवा असे मोजकेच रंग. पण भिंतीवर बोटभर जागा मोकळी सोडलेली नाहीं. दशरथाच्या पुत्रकामेष्टीपासून कथा सुरू होते. खालच्या पाट्या न वाचतां मला एकेक प्रसंग ओळखूं येऊं लागला, आणि एके ठिकाणीं माझ्या तोंडून नकळत निघून गेलें, "हें पाहिलेंस?" शेजारीं कोणीच नव्हतें. पस्तीस वर्षांची ती संवय. पण मागच्या तीन वर्षांत ती एकदांहि उसळून आली नव्हती. मुलांनीं मला या काळांत चार चांगलीं स्थळें दाखविलीं होतीं आणि मीं त्यांना प्रत्येक वेळीं 'छान आहे' असें म्हटलें होतें. कोणाला तरी दाखवावेंसें वाटण्याइतकें कांहीं मीं पाहिलें, तें येथें प्रथम. त्या क्षणीं दुःख झालें हें खरें. तरी ज्याकरितां आलों तें मिळालें, हेंहि तेव्हांच कळलें.

राजवाड्यापासून दोन पावलांवर परदेशी यहुद्यांचें प्रार्थनामंदिर आहे. तें १५६८ सालचें; जागा कोचीच्या राजानें आपल्या वाड्याशेजारीं दिली. फरशीला चीनहून आणलेल्या, हातानें रंगविलेल्या निळ्या-पांढऱ्या लाद्या आहेत. १७६० च्या मनोऱ्यावरील घड्याळाच्या तबकड्यांवर निरनिराळ्या लिपींतील अंक दिसतात. १९६८ मध्यें या वास्तूला चारशें वर्षें पूर्ण झालीं, तेव्हां इंदिरा गांधी उत्सवास आल्या होत्या. पण तोंवर समाज ओसरूं लागला होता. १९४८ मध्यें इस्रायलचें राज्य स्थापन झाल्यावर बहुतेक कुटुंबें आपल्या धर्मभूमीकडे निघून गेलीं. त्यांना येथून कोणी हांकललें नव्हतें. ओढ होती म्हणून तीं गेलीं. त्यांच्या सामुदायिक प्रार्थनेस दहा प्रौढ पुरुष लागतात. स्थानिक समाजांत आज तितके उरलेले नाहींत. झुंबरें लखलखतात, लाद्या पुसलेल्या असतात, आणि प्रार्थना नसते. आपल्या कोंकणांतील कुलुपें लागलेलीं मोठीं घरें ज्यांनीं पाहिलीं असतील, त्यांना ही शांतता ओळखीची वाटेल. घर राखण्यास पैसा पुरतो. घर नांदण्यास माणसें लागतात.

याच्या अगदीं उलट दृश्य त्याच मट्टांचेरींत तिरुमल देवस्वमाच्या देवळांत दिसलें. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांच्या धर्मच्छळामुळें गोमंतक सोडून आलेल्या गौड सारस्वतांचें हें वेंकटेशाचें स्थान. जमिनी, घरें, नारळीच्या बागा मागें राहिल्या. देव आणि भाषा बरोबर आली, आणि ती भाषा त्यांच्या घरांतून आजहि बोलली जाते. देवळाच्या बाहेर पाऊस थांबण्याची वाट पाहत असतां एका वृद्ध बाईंनीं मला मलयाळम्‌मध्यें कांहीं विचारलें. मला कळलें नाहीं असें पाहून त्या बरोबरच्या मुलीशीं कोंकणींत बोलल्या, आणि तें मला कळलें. 'हे कोठले, आणि जेवले आहेत कीं नाहींत?' एवढाच त्यांचा प्रश्न होता. मीं मराठींत उत्तर दिलें. पुढचा अर्धा तास त्या कोंकणींत आणि मी मराठींत बोललों, व दोघांचें कोठें फारसें अडलें नाहीं. पाण्याला त्या 'उद्दाक' म्हणाल्या. 'उदक' हा शब्द आमच्या घरांत आतां संध्येच्या पळीपुरता उरला आहे. त्यांच्या घरीं तो रोज नळाखालीं भरला जातो.

या समाजाची एक मोठी कामगिरी आपल्या शाळांतून शिकविली जावयास हवी. डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान रीड यानें मलबारांतील वनस्पतींवर 'होर्तुस मलबारिकुस' हा लॅटिन ग्रंथ सिद्ध केला. १६७८ ते १६९३ या काळांत ॲम्स्टरडॅम येथें त्याचे १२ खंड निघाले. त्यांत ७०० हून अधिक वनस्पतींचीं वर्णनें व चित्रें आहेत. हें ज्ञान त्याला पुरविलें तें इट्टि अच्युतन् या मलयाळी वैद्यानें आणि रंग भट, विनायक पंडित व अप्पु भट या तीन कोंकणी वैद्यांनीं. पहिल्या खंडांत या तिघांचें १६७५ चें कोंकणी प्रमाणपत्र नागरी अक्षरांत छापलेलें आहे. ग्रंथ लॅटिनमध्यें बंदिस्त राहिल्यामुळें ज्यांचें ज्ञान त्यांत होतें त्यांच्याच वंशजांना तो तीन शतकें वाचतां येत नव्हता. के. एस. मणिलाल या वनस्पतिशास्त्रज्ञानें आयुष्याचीं अनेक वर्षें वेंचून त्याचें इंग्रजी भाषांतर केलें. केरळ विद्यापीठानें तें २००३ मध्यें प्रसिद्ध केलें, आणि मागाहून मलयाळम् आवृत्तीहि निघाली. परदेशीं गेलेली वस्तु अशीहि परत आणतां येते.

मी एका कुटुंबानें भाड्यानें दिलेल्या खोलींत उतरलों होतों. शिक्षक होतों असें सांगतांच घरांतील सर्वजण मला 'माष्' म्हणूं लागले. 'मास्टर'चेंच तें तिकडचें रूप. कर्क-संक्रांतीपासून तेथें 'कर्किटकम्' महिना लागतो. पूर्वीं हा महिना फार हलाखीचा: कणगी रिकामी, मजुरी बंद, घराघरांत ताप. त्या दिवसांत मनाला आधार म्हणून संध्याकाळीं दिवा लावून अध्यात्मरामायण वाचण्याची रीत पडली, आणि सुबत्ता आली तरी ती राहिली. ग्रंथ सोळाव्या शतकांतील तुंचत्तु एळुत्तच्छन् यांचा; एका शुकीच्या मुखानें सांगितलेला. 'एळुत्तच्छन्' म्हणजे अक्षरें शिकविणारा, आपल्या भाषेंत पंतोजी. घरच्या आजी चष्मा लावून वाचीत, कौलांवर पाऊस कोसळत असे, आणि मी कोपऱ्यांत बसून ओळखीचे शब्द वेंचीत असें: वनवास, भरत, पादुका, शोक. अर्धी ओळ कळे, अर्धी निसटे. कथा मात्र कोठें तुटली नाहीं. आयुष्यभर शिकविलेलें संस्कृत परगांवीं इतक्या उपयोगी पडेल अशी कल्पना नव्हती.

जाऊं इच्छिणाऱ्यांसाठीं चार सूचना देतों. हवामान खात्यानें लाल किंवा नारिंगी इशारा दिला असेल त्या दिवशीं बाहेर पडूं नये. प्रवासांत एक दिवस त्यासाठीं मोकळाच धरावा. सांचलेल्या पाण्यांतून अनवाणी जाऊं नये. पायाला जखम असल्यास मुळींच नाहीं, कारण पावसाळ्यांत तेथें उंदरांमुळें पसरणाऱ्या तापाची भीति असते. पकड असलेल्या रबरी चपला, दोन पंचे व औषधें वेगळ्या पिशवींत ठेवावीं. यहुद्यांचें मंदिर शुक्रवारीं व शनिवारीं बंद असतें. देवळांत पुरुषांना बहुधा सदरा काढावा लागतो. उतरण्याच्या जागेचा पत्ता मलयाळम् अक्षरांत लिहून खिशांत ठेवावा. शाकाहारी जेवण सहज मिळतें. आणि घरीं दूरध्वनि करण्याची वेळ ठरवून घ्यावी. मी रोज रात्रीं साडेआठला नातीला दिवसभरांत पाहिलेली एकच गोष्ट सांगत असें. ती प्रश्न विचारी, आणि त्यांचीं उत्तरें शोधण्यास मला दुसऱ्या दिवशींचें काम मिळे.

आतां तिन्ही आक्षेपांचें उत्तर. गुडघे दुखले, परंतु पाऊस दर तासाला बसवीत होता, त्यामुळें सोसवले. छत्र्या पाहिल्या, आणि त्यांच्या खालचीं माणसेंहि पाहिलीं. राहिला चिरंजीवांचा 'नेईल'. मुलांनीं आईबापांना काशी-रामेश्वरास न्यावें ही आपली जुनी व चांगली रीत आहे. ती मोडावी असें मी कधींच म्हणणार नाहीं. तिला एवढीच जोड द्यावी: ज्यांची प्रकृति धड आहे त्या वडीलधाऱ्यांना, आणि घरांतील सासूबाईंनाहि, वर्षांतून एकदां चार दिवस आपल्या मनानें जाऊं द्यावें. तिकीट काढून द्यावें, पिशवी भरून द्यावी, आणि मग फलाटावरून मागें फिरावें. फलाटावरून मागें फिरणें मुलांना जड जाईल, हें मी जाणतों. आम्हीहि कधींकाळीं शाळेच्या दारांतून त्यांना आंत सोडून असेच मागें फिरलों होतों.